रक्ताची चिठ्ठी: बेळगावातली दोन रुग्णालयं आणि माझं एक ऑपरेशन

शहापुरात माझी खानावळ आहे, अकरा वर्षं झाली. रोजची पंचेचाळीस-पन्नास ताटं. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेली पोरं, कॉलेजची मुलं, दोन-तीन बँकेतले. रुग्णालयाबद्दल लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यात माझं गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं. त्यासाठी रक्त मागवण्यावरून एका ठिकाणी जे झालं आणि दुसऱ्या ठिकाणी जे झालं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. ज्यांच्या घरात असं ठरवून करायचं ऑपरेशन आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते. नावं दोन्ही रुग्णालयांची देत नाही. एकाचं दिलं की दुसरं कुठलं ते बेळगावात लगेच कळतं.

अडीच वर्षं पाळीत खूप जात होतं. गर्भाशयात गाठी आहेत हे सोनोग्राफीत कळलं होतं, पण खानावळ बंद ठेवून आजारी पडायला कुणाला सवड आहे? शेवटी पिठाचा डबा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा आमच्या ह्यांनी हाताला धरून नेलं. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. डॉक्टर हाताला यश असलेले, बेळगावात मान असलेले. तपासलं, ऑपरेशन सांगितलं आणि दहा दिवसांनंतरची तारीख दिली. खाली काउंटरवर हातात एक चिठ्ठी आली: बी पॉझिटिव्ह, तीन पिशव्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तीन डोनर आणा. त्याशिवाय तारीख पक्की होत नाही."

तिथेच बाकावर खानापूरकडची एक बाई बसली होती. तिचंही हेच ऑपरेशन होतं. तिचं हिमोग्लोबिन १२.३ आणि तिच्या चिठ्ठीवरही तीनच. माझं कमी होतं म्हणून माझ्यासाठी तीन मागितल्या असतील हे मी समजू शकते. तिला तीन कशाला? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. घरी आल्यावर पडला.

डोनर कुठून आणायचे? माझ्याकडे माझी पोरंच. रात्री जेवायला बसली तेव्हा सांगितलं, तर सहा जण उठले. सकाळची अर्धी पाळी बुडवून आले बिचारे. सहांतले तीनच चालले. एकानं गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं होतं, त्याला नव्वद दिवस व्हायचे होते. दुसऱ्यानं दसऱ्याला दंडावर राजमुद्रा गोंदवून घेतली होती, आणि गोंदवल्यावर बारा महिने रक्त घेत नाहीत. तिसरा भट्टीपुढे काम करणारा, अंगानं दणकट, वजन पासष्ट किलो. त्याचं बोट टोचलं तर १२.१. किमान १२.५ लागतं. तो पोरगा इतका ओशाळला की माझ्याकडे बघेना. "काकू, माझंच कमी निघालं की." मी त्याला म्हटलं, बाळा, तुझा त्यात काय दोष. पण मला फार वाईट वाटलं. माझ्या एका चिठ्ठीपायी सहा जणांची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

त्या दोन दिवसांत रुग्णालयाच्या बाहेर चहाच्या गाड्यापाशी आमच्या ह्यांना एकानं गाठलं. डोनर मिळत नाही का, तीन हजारांत माणूस उभा करतो म्हणाला. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. पैशाच्या गरजेपोटी आलेला माणूस आपल्याला कावीळ झाली होती की नाही हे खरं सांगत नाही, म्हणून ती बंदी. तरी असली माणसं गेटबाहेर उभी राहतात, कारण आत कुणीतरी सांगितलेलं असतं की डोनर नाही तर तारीख नाही. हे मला फार लागलं.

ऑपरेशनच्या दिवशी रात्रीपासून उपाशी, सकाळी सहाला हिरवा गाऊन घालून बसले. स्वयंपाकाला हाताशी असलेली बाई म्हणाली होती, "मी बघतो की सगळं, तुम्ही निवांत जावा." दहा वाजता सिस्टर आली. रक्तकेंद्रात, म्हणजे ब्लड बँकेत, बी पॉझिटिव्हच्या दोनच जुळलेल्या पिशव्या मिळाल्यात, तिसरी नाही. भूल देणारे डॉक्टर तिसरी असल्याशिवाय घेणार नाहीत. दुपारी एकला मला चहा-बिस्कीट देऊन घरी पाठवलं. पुढची तारीख आठ दिवसांनी. बिलात दोन पिशव्यांच्या क्रॉसमॅचचे, म्हणजे रक्त जुळवून बघण्याचे, पैसे होते. त्यातला एक थेंबही माझ्या अंगात गेला नव्हता.

आता मला पुढे जे समजलं ते सांगते.

माझी भाची कोल्हापुरात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्या दोन पिशव्या आता तुझ्या नावानं फ्रीजमध्ये बसल्या असतील." क्रॉसमॅच म्हणजे पेशंटच्या रक्ताचा नमुना आणि ती ठरावीक पिशवी एकत्र करून जुळतं का ते बघायचं. जुळलं की पिशवीवर पेशंटच्या नावाची चिठ्ठी लागते आणि ती बाजूला ठेवतात, बहुधा दोन-तीन दिवस. तेवढ्या वेळात दुसरा कुणी बी पॉझिटिव्ह आला तरी ती पिशवी हिशोबात धरत नाहीत. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवावी लागते. नुसत्या साध्या द्रावणात ती ३५ दिवस टिकते, वेगळं पोषक द्रावण घातलेली ४२ दिवस. त्यातले तीन दिवस माझ्या नावावर, मग तीन दिवस आणखी कुणाच्या नावावर, असं करत करत पिशवी म्हातारी होते. वॉर्डात नेऊन अर्ध्या तासाच्या वर फ्रीजबाहेर राहिली तर परतही घेत नाहीत. ती वायाच जाते.

हे ऐकलं आणि मला माझी खानावळच डोळ्यांपुढे आली. रोज रात्री नऊ वाजता मी पाटीवर लिहिते, उद्या किती येणार. पंचेचाळीस नावं असतात, सोमवारी तीसच येतात, पगाराच्या आठवड्यात सगळी येतात. पहिल्या वर्षी मी रोज पन्नास ताटांचा भात टाकत होते आणि रात्री पंधरा ताटांचा भात गाईला घालत होते. मग शिकले. डाळ, भाजी तयार, कणीक मळून झाकून ठेवलेली, तवा तापलेला. माणूस पाटावर बसला की चपाती लाटायची. पाच मिनिटांत गरम ताट पुढे. कुणी उपाशी गेला नाही आणि अन्नही टाकावं लागलं नाही.

रक्ताचंही असंच करता येतं, भाचीनं सांगितलं. त्याला ग्रुप अँड स्क्रीन म्हणतात. आधी पेशंटचा गट तपासायचा आणि रक्तात दुसऱ्याच्या पेशींविरुद्ध काही अँटिबॉडी तयार झालीय का ते बघायचं. ज्यांना पूर्वी रक्त चढवलंय किंवा ज्यांची बाळंतपणं झालीत त्यांच्यात अशी अँटिबॉडी असू शकते, म्हणून बायकांना हे मुद्दाम विचारायला हवं. काही सापडलं नाही, तर पिशवी नावावर धरून ठेवायची गरज नाही. ऑपरेशनच्या टेबलावर रक्त लागलंच तर रक्तकेंद्र थोड्या मिनिटांत छोटी जुळवणी करून देऊ शकतं. अँटिबॉडी सापडली तर मात्र आधीच जुळणाऱ्या पिशव्या शोधून ठेवायच्या. कणीक मळून ठेवणं आणि चपात्या भाजून ठेवणं यात जो फरक, तोच हा फरक.

कुठल्या ऑपरेशनला किती मागवायचं याचा तक्ता करायची पद्धतही जुनी आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाली. रुग्णालयानं आपलाच मागचा हिशोब काढायचा: या ऑपरेशनला किती पिशव्या क्रॉसमॅच केल्या, त्यातल्या खरोखर किती चढवल्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर दोनच्या आसपास आलं तर ठीक. अडीचच्या वर गेलं तर उगाच मागवलं जातंय. गाठींसाठी गर्भाशय काढताना बहुतेक बायकांना एकही पिशवी लागत नाही, म्हणून त्या ऑपरेशनला ग्रुप अँड स्क्रीन पुरतं. हा हिशोब करायला मोठं मशीन लागत नाही. वही आणि पेन पुरतं. मी अकरा वर्षं तेच करते.

भाचीच्या ओळखीनं बेळगावातच दुसऱ्या रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितले आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "ऑपरेशन कुठं पळून जात नाही. आधी तुमचं रक्त वाढवू." कॅन्सर नाही हे तपासणीत बघून घेतलं. मग पाळीत रक्तस्राव कमी व्हायच्या गोळ्या आणि शिरेतून लोह. लोहाची ती ड्रिप काळ्या चहाच्या रंगाची असते. हातात सुई, वर ती काळी बाटली, आणि वीसेक मिनिटांत तोंडात तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी चव. आठवड्याच्या अंतरानं दोनदा घेतली. तिसऱ्या आठवड्यात जिना चढून वर गेले आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं की मी कठड्याला धरलंच नाही. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४.

इथे एक सांगायला हवं. सगळ्यांनाच सहा आठवडे थांबता येत नाही. अपघात, अडलेलं बाळंतपण, कॅन्सरची गाठ, तिथे घाई असते आणि रक्त लागलं तर लागतंच. पण ठरवून करायचं ऑपरेशन महिनाभर आधी ठरवता येतं. त्या महिन्यात पेशंटचं स्वतःचं रक्त वाढवायचं की डोनर शोधायला पोरांना पळवायचं, हे कुणीतरी बसून ठरवायला हवं. पहिल्या ठिकाणी हा विषयच निघाला नाही.

या रुग्णालयाचं मला सगळ्यात आवडलं ते रक्ताचा नमुना घेण्याची पद्धत. ऐकायला छोटी गोष्ट आहे. पहिल्या ठिकाणी सिस्टरनं "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं, मी मान हलवली, ट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि ट्यूब तशीच ट्रेमध्ये इतर ट्यूबांबरोबर ठेवली. चिठ्ठ्या काउंटरवर जाऊन लावल्या. इथे गोकाककडची तरुण सिस्टर होती. ती म्हणाली, "नाव तुम्हीच सांगा, पूर्ण. वय सांगा." मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, माझ्या उशाशी उभी राहून ट्यूबवर नाव, नंबर, तारीख, वेळ लिहिली, सही केली आणि मग ती पुढे गेली. माझ्याकडे जुना रिपोर्ट होता, बी पॉझिटिव्ह लिहिलेला. तो बघितला, पण गट नव्यानं तपासला. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, चुकीचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा लॅबच्या चुकीनं नाही, नमुना घेताना किंवा पिशवी लावताना माणसांची अदलाबदल झाल्यानं. हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या ट्यूबवर नाव आपल्यासमोर लिहिलं जातंय का ते डोळ्यांनी बघावं.

स्क्रीन निगेटिव्ह आलं, म्हणजे अँटिबॉडी सापडली नाही. पिशव्या: शून्य. रक्तकेंद्रात भिंतीवर तक्ता लावलेला होता, कुठल्या ऑपरेशनला काय. माझ्या ओळीत नुसतं ग्रुप अँड स्क्रीन. डोनर आणाच असं कुणी म्हटलं नाही. समाजकार्यवाल्या बाईंनी एवढंच सांगितलं, घरातल्या कुणाला स्वखुशीनं द्यायचं असेल तर सांगा, तुमची तारीख त्यावर अवलंबून नाही. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात हेच लिहिलंय, बदली रक्ताची, म्हणजे पेशंटनं डोनर आणून द्यायची, पद्धत हळूहळू बंद करून स्वेच्छेनं देणाऱ्यांवर भर द्यायचा. रक्त विकायचं नसतं, पैसे घ्यायचे ते तपासणी, पिशवी आणि साठवणीचे, हे २०२३ संपता संपता केंद्राच्या औषध नियंत्रकांनी राज्यांना पुन्हा कळवलंही. कागदावर सगळं आहे. काउंटरवर मात्र काउंटरचा नियम चालतो.

ऑपरेशन ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी झालं. रक्त लागलं नाही.

शेजारच्या खाटेवर बैलहोंगलची एक बाई होती, माझ्यासारख्याच गाठी, पण खूप मोठ्या. तिला आत जास्त रक्तस्राव झाला आणि रात्री एक पिशवी चढवली. मला झोप नव्हती, म्हणून सगळं बघितलं. दोघी सिस्टर खाटेच्या दोन बाजूंना. एक पिशवीवरचा नंबर मोठ्यानं वाचते, दुसरी कागदावर बोट ठेवून तोच नंबर परत म्हणते. गट, शेवटची तारीख, मनगटावरचं नाव. मग ताप, नाडी, बीपी. थेंब अगदी सावकाश सोडला आणि पहिली पंधरा मिनिटं सिस्टर तिथून हलली नाही. थंडी वाजते का, खाज येते का, पाठ दुखते का, सारखं विचारत होती. "हेदरब्याड्री अक्का," घाबरू नका अक्का, असं मधून मधून म्हणत होती. ती बाई घाबरली होती, तिनं सिस्टरचा ॲप्रन धरून ठेवला होता. पिशवी तीन तासांत संपली, चार तासांच्या आत संपवायचीच असते. सकाळी तिच्या मुलानं डॉक्टरबाईंना सांगितलं, आणखी एक घाला, आई फिकी दिसते. त्यांनी आधी हिमोग्लोबिन बघितलं, ८.६ होतं, बीपी चांगलं होतं. म्हणाल्या, एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम वाढतं, ते वाढलंय. पुढचं औषधानं वाढेल. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया तपासून येते, तरी ते दुसऱ्याच्या शरीरातलं असतं. ताप येऊ शकतो, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. गरज नसताना देणार नाही. मुलगा नाराज झाला, मला मात्र त्या नकाराचा धीर आला.

तक्रारी याही ठिकाणी आहेत. रक्त चढवण्याचं संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मला कन्नड बोलता येतं, वाचायला अडखळते. सिस्टरनं शेजारी बसून मराठीत सगळं समजावलं, त्याबद्दल तिचे आभार. पण या जिल्ह्यात निपाणी, खानापूर, बेळगावकडून किती मराठी माणसं तिथे येतात. एक पान मराठीत छापून ठेवायला काय हरकत आहे? सही करायच्या कागदावरचं माणसाला स्वतः वाचता यायला हवं. दुसरं, रक्तकेंद्र तळघरात आहे आणि दुपारी दोन ते चार एकच माणूस खिडकीवर. आमचे हे तिथे पाऊण तास उभे होते. तिसरं, लोहाच्या इंजेक्शनचे पैसे विम्यात मिळाले नाहीत, कारण ते दाखल न होता घेतलं. रक्त चढवलं असतं तर विम्यानं दिलं असतं, रक्त वाचवलं तर खिशातून. हे रुग्णालयाच्या हातात नसेल, पण विमा कंपन्यांनी याचा विचार करायला पाहिजे.

टाके काढल्यावर मी पहिल्या रुग्णालयात मुद्दाम गेले. भांडायला नाही. ऑफिसात बसलेल्या गृहस्थांना शांतपणे विचारलं, या ऑपरेशनसाठी वर्षभरात किती पिशव्या मागवल्या आणि किती चढवल्या, याची वही आहे का? ते म्हणाले, "तसं काही ठेवत नाही, बाई. आमच्याकडे पहिल्यापासून तीनच आहे." त्यांचा आवाज उद्धट नव्हता. त्यांनाही कुणी कधी विचारलं नसेल. म्हणून तुम्ही विचारा. चिठ्ठी हातात आली की काउंटरवर नाही, डॉक्टरांनाच विचारा: माझ्या ऑपरेशनला खरंच इतकं लागतं का, ग्रुप अँड स्क्रीन चालेल का, आणि माझं हिमोग्लोबिन आधी वाढवता येईल का? नम्रपणे विचारलं तर कुणी रागावत नाही. आणि खानापूरच्या त्या बाईसारखं तुमचं बारा असेल तर नक्की विचारा.

पहिल्या रुग्णालयाला मी उपचारासाठी पुन्हा जाईन, डॉक्टर चांगले आहेत. रक्ताच्या बाबतीत मात्र त्यांना पाचपैकी दीड. दुसऱ्याला साडेचार. अर्धा मराठी कागदासाठी राखून ठेवला.

१२.१ वाला तो पोरगा अजून माझ्याकडेच जेवतो. त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि मी त्याच्या ताटात रोज पालेभाजी आणि लिंबाची फोड ठेवते. जेवणानंतर लगेच चहा प्यायचा नाही असं बजावलंय, चहानं लोह नीट अंगी लागत नाही. परवा ताट वाढायच्या आधीच आत आला, खिशातून चिठ्ठी काढली आणि ओट्यावर ठेवली. १३.४. "काकू, रविवारी मंडळाचं शिबिर आहे, मी नाव दिलंय," म्हणाला.